बाप्टिस्टांचं चीज आणि शाळेतली प्रार्थना

इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन या विद्यापीठाच्या गावात 1940 साली सरकारी शाळांमध्ये धर्माचा तास सुरू झाला. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू मंडळींनी एकत्र येऊन त्यासाठी समिती नेमली होती. चौथी ते सहावीच्या मुलांना आठवड्यातून अर्धा तास, वरच्या वर्गांना पाऊण तास. शिकवायला येणाऱ्यांचा पगार समिती देणार. शाळेने फक्त वर्ग द्यायचा, वेळ द्यायचा आणि हजेरी ठेवायची. पालकांनी संमतीच्या कार्डावर सही केली तरच मुलाला बसवायचं. सक्ती कुणावरच नाही. व्यवस्था इतकी समंजस होती की तिच्यावर बोट ठेवणारा माणूस भांडखोरच ठरला असता.

ते बोट व्हॅश्टी मॅककॉलम या बाईंनी ठेवलं. नवरा विद्यापीठात भाजीपाल्याच्या शेतीचा प्राध्यापक, घरात तीन मुलगे, आणि कुटुंब कोणत्याही चर्चचं सभासद नाही. थोरला जेम्स एक सत्र त्या तासाला बसलाही. त्याला काय शिकवतात ते पाहिल्यावर आईने पुढचं कार्ड सही न करता ठेवून दिलं. पाचवीत गेल्यावर त्या तासाला न जाणारा तो वर्गातला एकटाच उरला. त्याला कुठे बसवायचं हा शिक्षकांपुढे प्रश्न होता, आणि एकदा तर त्याचं टेबल वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये मांडलं गेलं. एरवी शिक्षा झालेल्या मुलांची ती जागा. येणारे-जाणारे त्याला चिडवायचे.

शाळेत ‘ऐच्छिक’ या शब्दाला किती अर्थ असतो, हे आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगायची गरज नाही. सहलीचं संमतीपत्र असो की स्नेहसंमेलनाची वर्गणी, नाही म्हणायची मुभा असते आणि नाही म्हटल्याची किंमत पोराला मोजावी लागते. मॅककॉलमबाईंनी आधी शाळेकडे दाद मागितली, मग 1945 मध्ये खटला भरला. त्यानंतर त्यांची विद्यापीठातली नृत्य शिकवण्याची नोकरी गेली. घरावर कुजक्या भाज्यांचा मारा झाला, पाळलेलं मांजर कुणीतरी मारून टाकलं, धमक्यांची पत्रं तर किती आली याला गणती नाही. जेम्सला न्यूयॉर्क राज्यात आजी-आजोबांकडे शाळेसाठी पाठवावं लागलं. खालच्या कोर्टात त्या हरल्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. 8 मार्च 1948 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा निकाल त्यांच्या बाजूने दिला: करातून चालणारी शाळेची इमारत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, ही दोन्ही साधनं धर्मशिक्षणासाठी मुलं गोळा करायला वापरता येणार नाहीत.

या खटल्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट निकालात नाही, ती कागदपत्रांत आहे. नास्तिक म्हणून गावाने वाळीत टाकलेल्या या बाईच्या बाजूने न्यायालयात लेखी म्हणणं मांडायला कोण आलं? बाप्टिस्टांची संयुक्त समिती आली, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांची मध्यवर्ती संस्था आली, ज्यूंची सिनेगॉग परिषद आली. बाप्टिस्ट आणि ॲडव्हेंटिस्ट म्हणजे देवावर पूर्ण भिस्त ठेवणारी, बायबल शब्दशः मानणारी माणसं. त्यांना सरकारी शाळेतला धर्माचा तास नको होता. का, ते कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हा तिथे इंग्लंडचं चर्च हाच राज्याचा धर्म होता आणि त्याच्या पाद्र्यांचा पगार सगळ्यांच्या करातून जायचा. परवान्याशिवाय प्रवचन करणाऱ्या बाप्टिस्टांना तुरुंगात टाकत. कलपेपर गावच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड नावाचा प्रवचनकार गजांआडून उपदेश करत राहिला, आणि बाहेर लोक जमत राहिले. जवळच्या परगण्यातल्या अशाच कैद्यांची हकीकत ऐकून 1774 मध्ये जेम्स मॅडिसन या तरुण जमीनदाराने मित्राला संतापून पत्र लिहिलं होतं. पुढे हाच मॅडिसन राज्यघटनेचा शिल्पकार झाला. स्वातंत्र्यानंतर पॅट्रिक हेन्रीने नवा तोडगा आणला: कर सगळ्यांनी द्यावा, पण तो कोणत्या ख्रिस्ती पंथाच्या शिक्षकाला जावा हे ज्याचं त्याने ठरवावं. शॅम्पेनच्या कार्डाइतकीच समंजस योजना. मॅडिसनने 1785 मध्ये तिच्याविरुद्ध निवेदन लिहिलं, बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मंडळींनी गावोगाव सह्या जमवल्या, आणि योजना बारगळली. तिच्या जागी जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा 16 जानेवारी 1786 रोजी मंजूर झाला. आपल्या थडग्यावर कोणत्या तीन कामांचा उल्लेख हवा हे जेफरसनने स्वतः लिहून ठेवलं होतं. त्यात हा कायदा आहे, राष्ट्राध्यक्षपद नाही.

1802 सालच्या पहिल्या दिवशी या राष्ट्राध्यक्षाकडे मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावच्या बाप्टिस्टांनी भेट पाठवली. 1,235 पौंडांचं एक अवाढव्य चीज. ते घेऊन आलेला पाद्री जॉन लेलँड अनेक वर्षं व्हर्जिनियात काढलेला, मॅडिसनच्या ओळखीतला. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट या राज्यांत तेव्हाही एका पंथाच्या चर्चसाठी कर घेतला जात होता आणि बाप्टिस्टांना तो चुकवण्यासाठी दाखले मिळवत फिरावं लागे. त्याच दिवशी जेफरसनने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहून चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा तो पुढे प्रसिद्ध झालेला उल्लेख केला. आज अमेरिकेत ‘भिंत’ म्हटलं की निधर्मी लोकांनी धार्मिकांविरुद्ध बांधलेली तटबंदी असं चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं. पत्र लिहिणारा स्वतः ठरीव चौकटीतला ख्रिस्ती नव्हता हे खरं, पण पत्र ज्यांना गेलं ते कट्टर श्रद्धाळू होते. राज्याने धर्माला मदत केली की राज्य धर्माला हुकूमही देऊ लागतं, हे त्यांनी पोथीत वाचलं नव्हतं, तुरुंगात सोसलं होतं. कनेक्टिकटने हा कर 1818 मध्ये सोडला, मॅसॅच्युसेट्सने 1833 पर्यंत ओढला.

इतका इतिहास शाळेच्या पुस्तकात असला तरी शाळेच्याच वर्गात तो पाळला जात नव्हता. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा वाढल्या त्या प्रोटेस्टंट वळणाच्या. सकाळी बायबलवाचन, तेही किंग जेम्सच्या आवृत्तीतलं. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांची मुलं वर्गात वाढली तेव्हा फिलाडेल्फियाचे बिशप केनरिक यांनी साधी विनंती केली की आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या. त्यावरून अफवा उठली की कॅथलिक शाळेतून बायबलच काढायला निघाले आहेत. 1844 च्या मे आणि जुलैमध्ये शहरात दंगली झाल्या, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चं जाळली गेली, वीसच्या आसपास माणसं मेली. दोन्ही बाजू ख्रिस्ती, दोन्हींच्या हातात बायबल. शाळेत ‘सर्वांना मान्य असा’ धर्म शिकवावा असं म्हणणाऱ्याने फिलाडेल्फियाचे ते दोन महिने जरूर अभ्यासावेत.

याच फिलाडेल्फियात 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. त्या जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर फिरल्या, आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केलं. धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था यांच्यासाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. रमाबाई इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, पण कोणत्या तत्त्वाला मान तुकवायची हे स्वतःच्या बुद्धीने ठरवणाऱ्या. त्यावरून आपल्या अँग्लिकन मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारात बरीच वर्षं वाद चालला. राजाश्रयाच्या चर्चमधून त्या अशा देशात आल्या जिथे डझनावारी पंथ लोकांच्या वर्गणीवर उभे होते. ही मोकळीक त्यांना भावली नसती तरच नवल. आपल्या भाषेत या विषयाचं लोकशिक्षण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच, तेही एका बाईच्या हातून सुरू झालं होतं, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

फिलाडेल्फियाच्या बाहेरच ॲबिंग्टन हे उपनगर आहे. 26 नोव्हेंबर 1956 रोजी तिथल्या हायस्कुलात एलरी शेंप हा सोळा वर्षांचा मुलगा सकाळच्या बायबलवाचनाच्या वेळी कुराण उघडून वाचत बसला आणि प्रार्थनेला उभा राहिला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने रोज बायबलमधल्या किमान दहा ओव्या, कोणतंही भाष्य न करता, वाचायलाच हव्या होत्या. घर युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचं, म्हणजे पुन्हा श्रद्धाळूच. मुलाची रवानगी ऑफिसात झाली आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो निकाली निघेपर्यंत एलरीची शाळा केव्हाच संपली होती. दरम्यान 1962 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने रचलेली बावीस शब्दांची प्रार्थना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक अलाबामात अनेक वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत आले होते. मॅककॉलम प्रकरणाचा निकालही त्यांचाच. पुढच्या वर्षी, 17 जून 1963 रोजी, शेंप यांच्या बाजूनेही आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला.

देश खवळला. देवाला शाळेतून हाकललं, ही हाळी तेव्हा उठली आणि आजतागायत चालू आहे. कॅथलिक असलेले राष्ट्राध्यक्ष केनेडी न्यूयॉर्कच्या निकालानंतर पत्रकारांना म्हणाले की यावर सोपा उपाय आहे, घरी जास्त प्रार्थना करूया. तेवढ्याने कुणाचं समाधान होणार नव्हतं. खरं तर दोन्ही निकालांनी मुलांच्या प्रार्थनेला हातच लावला नव्हता. डब्यापुढे हात जोडणं, मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर बायबल वाचणं, निबंधात येशूवर लिहिणं, यातलं काहीच बेकायदा नव्हतं आणि नाही. बंद झालं ते सरकारी पगार घेणाऱ्याने प्रार्थना सांगणं. शिवाय शेंपच्या निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी स्पष्ट लिहिलं की धर्मांचा इतिहास, धर्मांची तुलना, बायबलचा साहित्य म्हणून अभ्यास, हे सगळं शाळेत शिकवायला हरकत नाही. पण निकालाचा हा भाग मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही. तिथे एवढंच पोहोचलं की धर्म म्हणजे कोर्टकचेरी. घाबरून पुस्तकांतून धर्मच गाळला गेला; प्लायमाउथला उतरलेले यात्रेकरू कशासाठी समुद्र ओलांडून आले हेही धड न सांगणारी पाठ्यपुस्तकं निघाली. दुसरीकडे, दक्षिणेतल्या अनेक शाळांत सकाळची प्रार्थना जणू काही घडलंच नाही अशी चालू राहिली.

निकाल एका दिवसात लागतो, तो लोकांच्या गळी उतरायला पिढ्या जातात. ते काम न्यायालयाचं नाही, आणि ते करणाऱ्यांचं नाव सहसा बातमीत येत नाही. एप्रिल 1995 मध्ये पस्तीस संघटनांनी मिळून सरकारी शाळेत धर्माबाबत काय चालतं आणि काय चालत नाही याचं एक साध्या भाषेतलं पत्रक काढलं. त्यात एरवी न्यायालयात एकमेकांच्या विरुद्ध उभे राहणारे होते. त्याच आधारावर क्लिंटन सरकारच्या शिक्षण खात्याने ऑगस्टमध्ये देशातल्या प्रत्येक शाळा-जिल्ह्याला मार्गदर्शक सूचना पाठवल्या. तीस वर्षं उशीर झाला होता, तरी पालक आणि मुख्याध्यापक यांच्यातली कित्येक भांडणं त्या कागदाने कोर्टाआधीच मिटवली असणार.

याहून धाडसी प्रयोग कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोने केला. बदामाच्या बागांच्या पट्ट्यातलं हे शहर. कट्टर प्रोटेस्टंट चर्चं आहेत, शीख आहेत, इराक-इराणकडून आलेले असीरियन ख्रिस्ती आहेत, आग्नेय आशियातून आलेले बौद्ध आहेत. 2000 पासून तिथल्या सरकारी शाळांत नववीच्या प्रत्येक मुलाला जगातल्या धर्मांचा एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. नको असेल त्या पालकांना मूल काढून घेता येतं, पण काढणारे अगदीच मोजके निघाले. अभ्यासक्रमाची सुरुवात कोणत्याही धर्मापासून होत नाही. आधी अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याचा इतिहास, मग धर्म. कोणत्या धर्मात चांगलं काय आणि वाईट काय हे शिक्षकाने सांगायचं नाही, पाहुणे वक्ते बोलवायचे नाहीत, स्वतःची श्रद्धा वर्गात उघड करायची नाही. आपल्याला हे कोरडं वाटेल. पण पाहुणा बोलवला की कोणाचा, हा पहिला प्रश्न येतो, आणि दुसरा येईपर्यंत समिती फुटते.

एमिल लेस्टर आणि पॅट्रिक रॉबर्ट्स या अभ्यासकांनी मोडेस्टोच्या मुलांची अभ्यासक्रमाआधी आणि नंतर पाहणी केली. तिचा अहवाल 2006 मध्ये निघाला. इतर धर्मांच्या लोकांना हक्क असावेत याला मुलांचा पाठिंबा वाढला होता, आणि कुणी आपला धर्म सोडल्याची लक्षणं दिसली नव्हती. पालकांच्या मनातली भीती नेमकी हीच असते, की दुसऱ्याचं शिकून पोर आपलं विसरेल. मोडेस्टोसारखी सक्ती करणारी शहरं मात्र देशात फारशी वाढली नाहीत. शिक्षक तयार करायला पैसा लागतो, आणि शाळा मंडळाच्या निवडणुकीत या विषयावर मतं मिळत नाहीत.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही या प्रश्नाने गाठलंच. 2005-06 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सहावीच्या पाठ्यपुस्तकांत प्राचीन भारत कसा मांडावा यावरून मोठं रण माजलं. दोन हिंदू संघटनांनी आर्यांचं आगमन, जातिव्यवस्था, स्त्रियांचं स्थान यांबद्दल बदल सुचवले. मायकल विट्झेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांना विरोध केला. दलित संघटनाही आपली बाजू मांडायला उभ्या राहिल्या. वादग्रस्त बदलांपैकी बरेच राज्य मंडळाने फेटाळले. हिंदू संघटना न्यायालयात गेल्या. न्यायालयाने प्रक्रियेत त्रुटी आहेत असं म्हटलं, पण पुस्तकं रद्द केली नाहीत. 2016 मध्ये हाच वाद नव्याने रंगला. आपला धर्म पुस्तकात गौरवाने यावा असं अल्पसंख्य पालकाला वाटणं स्वाभाविक आहे. पण मोडेस्टोचा धडा इथेही लागू पडतो: शाळेने धर्माबद्दल शिकवायचं असेल तर त्या धर्मातल्याच कुणी जे सोसलं तेही पुस्तकात येणार. हिंदू मुलगा वर्गात अवघडतो म्हणून दलित मुलाचा इतिहास गाळता येत नाही. अवघडलेल्या मुलाला शिक्षकाने सांभाळून घ्यावं हे मात्र खरं, आणि ते पाठ्यपुस्तक समितीच्या हातात नसतं.

आपल्याकडचं पाहायचं तर, भारताच्या घटनेतलं 28 वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येणार नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. केरळात 1985 मध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी मुलांना परत घ्या असा निकाल देताना अमेरिकेतल्या 1943 च्या एका निकालाचा आधार घेतला. तो याच पंथाच्या, झेंड्याला सलामी न देणाऱ्या मुलांचा होता. अमेरिकेत त्याआधी, 1940 मध्ये, न्यायालयाने मुलांविरुद्ध निकाल दिला तेव्हा या पंथावर ठिकठिकाणी हल्ले झाले, मेन राज्यात त्यांचं सभागृह जाळलं गेलं. तीनच वर्षांत न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. महाराष्ट्रात, नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वेतनश्रेणी अडली, आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. परिपाठ घेणाऱ्या किती शिक्षकांना हे ठाऊक असेल? डी.एड.च्या अभ्यासक्रमात 28 व्या कलमासाठी अर्धा दिवस दिला तरी पुरे.

अमेरिकेत मात्र वारं फिरलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या एका फुटबॉल प्रशिक्षकाला सामन्यानंतर मैदानाच्या मध्यावर प्रार्थना करण्याचा हक्क आहे असा निकाल 2022 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी आला. ही खासगी प्रार्थना होती असं बहुमताचं म्हणणं; न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात खेळाडूंच्या घोळक्याची छायाचित्रंच छापली. 2024 च्या जूनमध्ये लुइझियानाने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञांचा किमान 11 बाय 14 इंचाचा फलक लावण्याचा कायदा केला, 2025 मध्ये टेक्सासनेही केला. केंटकीचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच रद्द केला होता. या आज्ञांची क्रमवारी आणि शब्द ज्यूंचे वेगळे, कॅथलिकांचे वेगळे, प्रोटेस्टंटांचे वेगळे. कोणता मजकूर लावायचा हे सरकारने ठरवलं. लुइझियानात त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत पाद्रीही आहेत.

ओक्लाहोमात तर सरकारी पैशावर चालणारी कॅथलिक शाळाच निघणार होती. तिच्याविरुद्ध उभे राहिले राज्याचे महाधिवक्ता जेंटनर ड्रमंड, रिपब्लिकन आणि स्वतः ख्रिस्ती. त्यांचा मुद्दा अगदी व्यवहारी: आज कॅथलिक शाळेला पैसे दिले तर उद्या मुस्लिम शाळेला आणि सैतानपंथी म्हणवणाऱ्यांच्या शाळेलाही द्यावे लागतील. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात चार-चार अशी बरोबरी झाली, कारण न्यायमूर्ती बॅरेट बाजूला राहिल्या होत्या. त्यामुळे शाळा अडली, पण देशभराला लागू होईल असा निवाडा झाला नाही. याच राज्यात शिक्षण अधीक्षकांनी 2024 मध्ये प्रत्येक वर्गात बायबल ठेवण्याचा आणि ते अभ्यासक्रमात आणण्याचा आदेश काढला होता. ते गृहस्थ सप्टेंबर 2025 मध्ये पायउतार झाले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या अधीक्षकांनी आदेश मागे घेतला. कॅथलिक शाळेचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत आहे, आणि पुढच्या वेळी बाकावर कदाचित नऊही न्यायमूर्ती असतील.